दाताला पुन्हा जीव येईल म्हणून थांबावं का?

वाचकाचं पत्र (ओळख पटेल असे तपशील वगळून, थोडं आटोपतं करून)

माझं वय ४१. वरचा पुढचा एक दात शाळेत असताना बाकावर आपटला होता. दोन दिवस दुखला, मग थांबला, म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. पुढे तो हळूहळू करडा पडला. गेल्या वर्षापासून त्याच्या वर हिरडीवर बारीक फोड येतो, फुटतो, पू जातो आणि बरं वाटतं. दोनदा अँटिबायोटिकचा कोर्स झाला. डॉक्टर म्हणतात नस मेली आहे, रूट कॅनल करून घ्या. पण रूट कॅनल म्हणजे दात कायमचा मारून टाकणं, मग तो ठिसूळ होऊन तुटतो, असं सगळीकडून ऐकतो. आता स्टेम सेलने दातात नवी नस उगवता येते, दाताला रंग आणि संवेदना परत येते, असं मी वाचलं. डॉक्टरांना विचारलं तर ते हसले. आठ महिने झाले, मी थांबलो आहे. पत्नी म्हणते, एवढा घोळ घालण्यापेक्षा काढून टाका तो दात. लहानपणी एक दाढ भूल नीट न चढताच ओढली होती, ती आठवण अजून जात नाही. आठ वर्षांची मुलगी विचारते, बाबा, तुमचा एकच दात काळा का? मी थांबतोय ते चुकतंय का?

उत्तर

तुमचे डॉक्टर हसले, ते त्यांनी करायला नको होतं. मेलेल्या नसेच्या जागी नवी उगवण्याची कल्पना भोंदूंची नाही, तिच्यावर अभ्यासू माणसं साठ वर्षांहून जास्त काळ डोकं लावून बसली आहेत. म्हणून आधी तुम्ही वाचलंत त्यातलं खरं काय ते सांगते, मग ते तुमच्या दाताला किती लागू पडतं ते बघू. मी स्वतः आयुष्यभर लोकांच्या दातांची मुळं साफ करत आले आहे, तेव्हा माझा कल कुठे असणार हे तुम्ही धरूनच चाला. तरीही शेवटपर्यंत वाचा, कारण तुमच्या पत्रात एक गोष्ट राहून गेली आहे आणि बरंचसं उत्तर तिच्यावर अवलंबून आहे.

१९६१ साली निगार्ड-ऑस्टबी या नॉर्वेच्या दंततज्ज्ञांनी एक साधा विचार मांडला. साफ केलेल्या मुळात भराव घालण्याऐवजी थोडं रक्त येऊ दिलं तर? गुठळी होईल, आणि कुठलीही जखम भरते तशी त्या गुठळीच्या आधाराने नवी ऊती आत वाढेल. ऊती थोडीफार वाढली, खरी नस मात्र आली नाही. मग हा विषय बरीच वर्षं कोपऱ्यात पडला. २००१ मध्ये जपानमधून आणि २००४ मध्ये अमेरिकेतून प्रत्येकी एका कोवळ्या उपदाढेची हकिगत प्रसिद्ध झाली. दोन्ही उपदाढांची नस मेलेली, पू झालेला, आणि मुळाची वाढ अर्ध्यावर थांबलेली. डॉक्टरांनी पोकळी धुतली, औषधाने जंतू मारले आणि नेहमीचा भराव न घालता आतली वाट मोकळी ठेवली. काही महिन्यांनी पू गेला, हाड भरून आलं आणि थांबलेलं मूळ पुन्हा वाढू लागलं. त्याच्या भिंतीही जाड झाल्या. दंतवैद्यकात इतकं चकित करणारे एक्स-रे फार थोडे निघाले असतील. तुम्ही जे वाचलंत त्याचं मूळ इथे आहे.

आता त्या दोन्ही हकिगतींमधला 'कोवळी' हा शब्द पुन्हा बघा.

कायमचा दात हिरडीतून बाहेर येतो तेव्हा त्याचं मूळ अर्धवटच असतं. ते पूर्ण व्हायला आणखी दोन-तीन वर्षं लागतात. तोवर मुळाचं टोक तुतारीच्या तोंडासारखं उघडं असतं आणि त्या तोंडाशी मूळ घडवणाऱ्या मूळपेशींचा, म्हणजे तुमच्या त्या स्टेम सेलचा, मोठा साठा असतो. रक्तवाहिन्यांना आत शिरायला जागाही भरपूर. नस मेली तरी हा साठा पुष्कळदा जिवंत राहतो, आणि जंतू हटले की कामाला लागतो. मोठ्या माणसाच्या मुळाचं टोक बंद झालेलं असतं. उरतं ते मिलिमीटरच्या काही दशांशांएवढं भोक, कित्येकदा एकाऐवजी बारीक भोकांची जाळीच. त्यातून वाहिन्या वाढत वाढत वीस-पंचवीस मिलिमीटर लांबीच्या दाताच्या गळ्यापर्यंत पोचायला हव्यात.

मग मोठ्यांच्या दातात हे होतच नाही का? अगदी तसंही नाही. सुईसारख्या फाइलने मुळाच्या टोकापलीकडे हलकेच टोचून रक्तस्राव घडवला, तर त्या रक्तातून पूर्ण वाढलेल्या दातांतही मूळपेशी येतात हे २०१५ मध्ये दाखवून झालं आहे. चिलीमध्ये ३६ रुग्णांवर एक चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०२० मध्ये आले. सगळे पूर्ण वाढलेले दात, मुळाशी जंतुसंसर्ग असलेले. अर्ध्यांना नेहमीचं रूट कॅनल, अर्ध्यांच्या मुळात नाळेतून मिळवलेल्या मूळपेशी रक्तद्रवापासून केलेल्या जेलीत घालून सोडल्या. वर्षभरात दोन्ही गटांत संसर्ग बरा होत गेला, आणि पेशी घातलेल्यांपैकी काही दातांनी संवेदनेच्या चाचण्यांना प्रतिसादही दिला. चीनमध्ये २०१८ साली मार लागून नस मेलेल्या मुलांच्या पुढच्या दातांत त्यांच्याच दुधाच्या दातांतल्या पेशी घालून पाहिल्या, तिथेही चांगलं दिसलं. तेव्हा दार किलकिलं झालं आहे हे नाकारण्यात अर्थ नाही.

पण यातलं बहुतेक काम पेशी वाढवण्याची परवानगी असलेल्या प्रयोगशाळेत, मोजक्या रुग्णांवर, बारीक देखरेखीखाली झालेलं आहे. साध्या दवाखान्यात याच नावाखाली मिळतं ते वेगळं असतं. तिथे तुमचंच रक्त मुळात येऊ देतात किंवा दंडातून काढून, यंत्रात फिरवून, त्याची जेली आत ठेवतात. ते वाईट नाही. मात्र त्यातून काय उगवतं हे नीट समजून घ्या, कारण तुमच्या थांबण्याचा सगळा डोलारा त्यावर उभा आहे.

अशा उपचारांनंतर पुढे काही कारणाने काढावे लागलेले दात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले गेले. आत जिवंत ऊती होती हे खरं. पण बहुतेक ठिकाणी ती नस नव्हती. मुळाला बाहेरून जे वेढून असतं, म्हणजे मुळावरचा सिमेंटम नावाचा पातळ कठीण थर, आजूबाजूचं हाड, दाताला हाडाशी बांधणारे तंतू, तेच टोकातून आत शिरलं होतं. घरमालक गेला आणि शेजारी आत येऊन राहिला, असा प्रकार. दाताचा कठीण भाग घडवणाऱ्या पेशींची ती शिस्तीत उभी रांग तिथे सहसा नसते. म्हणूनच 'युरोपियन सोसायटी ऑफ एंडोडॉन्टॉलॉजी' या संस्थेने २०१६ च्या आपल्या निवेदनात 'पुनर्निर्मिती' हा भारदस्त शब्द टाळून 'रिव्हायटलायझेशन', म्हणजे पुनर्जीवन, असा जपून शब्द वापरला, आणि तेही निवेदन मुळं अपुरी राहिलेल्या दातांबद्दल आहे. पोकळीत शिरलेलं हे हाड काही वर्षांत सगळी वाट बुजवूनही टाकू शकतं. मग पुन्हा संसर्ग झाला तर आत जायला रस्ता सापडणं महाकठीण.

लहान मुलाच्या दातात हा शेजारीसुद्धा फार मोलाचा असतो. त्याच्या येण्याने कागदासारख्या पातळ भिंती जाड होतात, आखूड मूळ लांब होतं, दात पुढची कित्येक वर्षं टिकायला बळ मिळतं. तुमचं मूळ पूर्ण झालेलं असेल तर हा फायदा तुम्हाला लागूच नाही. जे आधीच बांधून झालं आहे ते आणखी काय बांधणार?

मोठ्यांच्या बाबतीत आणखी एक पेच आहे, आणि मला वाटतं तो जाहिरातींमध्ये मुद्दामच गाळला जातो. रूट कॅनलमध्ये आम्ही सोडियम हायपोक्लोराइटने मूळ धुतो, कित्येकदा ५ टक्क्यांच्या आसपासच्या तीव्रतेने. ते जंतू मारतं, मेलेली ऊती विरघळवतं. पण तेवढी तीव्रता मूळपेशींनाही जगू देत नाही. म्हणून पुनर्जीवनाच्या पद्धतीत ते दीड टक्क्यापर्यंत खाली आणतात, फाइलने भिंती फारशा खरवडत नाहीत, आणि शेवटी १७ टक्के ईडीटीए नावाचं द्रावण वापरतात, जेणेकरून दाताच्या भिंतीत अडकलेले वाढीला चालना देणारे घटक मोकळे व्हावेत. कोवळ्या दातात, ताज्या संसर्गात, हे भागून जातं. तुमच्या दातात जंतू किती वर्षांपासून राहतायत ते आपल्यालाच ठाऊक नाही. ते भिंतीतल्या सूक्ष्म नळ्यांत मुरून बसलेले असणार. त्यांना हुसकावायचं तर जोर हवा, आणि पेशींना जगवायचं तर जोर नको. दोन्ही एकदम साधणं हीच या शास्त्राची खरी अडचण आहे.

आणि रंग? तो या मार्गाने परत येणार नाही. दात करडा पडतो तो मार लागल्यावर आत झिरपलेल्या रक्ताचे आणि मेलेल्या नसेचे अवशेष भिंतीत मुरल्यामुळे. नवी ऊती ते पुसत नाही. उलट या उपचारात दात आणखी काळवंडण्याची तक्रार जुनी आहे. तीन अँटिबायोटिकच्या ज्या लेपाने सुरुवात झाली त्यातलं मिनोसायक्लिन दात रंगवतं, आणि गुठळीवर ठेवायचे काही सिमेंटही. याउलट रूट कॅनल झाल्यावर दाताच्या आत ब्लीचिंगचं औषध काही दिवस बंद करून ठेवता येतं आणि करडेपणा पुष्कळदा चांगला उतरतो. मुलीच्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही ज्या उपचाराला घाबरताय त्याच्याच पुढच्या पायरीवर आहे.

आता तुमच्या पत्रातल्या त्या वाक्याकडे वळते: 'रूट कॅनल म्हणजे दात कायमचा मारून टाकणं.' तुमच्या दातातली नस बाकावर आपटल्यानंतर कधीतरी मेली. रूट कॅनल करणारा माणूस तिथे फार उशिरा पोचतो. तो मारत नाही, आत सडत असलेलं बाहेर काढतो. शिवाय संपूर्ण दात मेलेला नाहीच. मूळ ज्या तंतूंनी हाडाला बांधलेलं आहे ते जिवंत आहेत, त्यांना बाहेरून रक्त मिळतं, आणि घासाखाली खडा आला तर तो कळवण्याचं कामही मुख्यतः तेच करतात. थंड-गरम मात्र त्या दाताला कळणार नाही. तसं ते आज तरी कुठे कळतंय?

ठिसूळपणाचं म्हणाल तर तो समज आमच्या व्यवसायातही खोल रुजलेला होता. १९९२ मध्ये रूट कॅनल झालेले दात आणि त्याच माणसांच्या दुसऱ्या बाजूचे जिवंत दात यांची तुलना केली गेली. दात सुकून ठिसूळ होतो असं म्हणावं इतका फरक निघाला नाही. त्याआधी, १९८९ मध्ये, काढलेल्या उपदाढांवर मोजमाप झालं होतं. रूट कॅनलसाठी पाडलेल्या भोकाने दाताचा कणखरपणा फक्त ५ टक्क्यांनी घटला. वरून साधी पोकळी कोरल्यावर २० टक्क्यांनी, आणि दोन्ही बाजूंच्या कडा मोडून आरपार पोकळी केल्यावर ६३ टक्क्यांनी. म्हणजे दात मोडतो तो किडीने आणि मोठमोठ्या फिलिंगने खाल्लेल्या भिंतींमुळे. रूट कॅनल झालेल्या दाढेवर कॅप घालायचा आग्रह धरतात तो यासाठीच. २००२ च्या एका पाहणीत कॅप न घातलेले असे दात घातलेल्यांच्या सहापट प्रमाणात गमवावे लागले होते. पुढच्या दाताची गोष्ट निराळी. तो बाकी शाबूत असेल तर मागच्या बाजूचं छोटं भोक फिलिंगने बुजवलं की भागतं, कॅपसाठी सगळा दात घासून बारीक करायची बहुधा गरज पडत नाही. आणि टिकण्याचा आकडा हवाच असेल तर २००४ मध्ये अमेरिकेतल्या १४ लाखांहून अधिक रूट कॅनल झालेल्या दातांचा हिशेब मांडला गेला. आठ वर्षांनंतर त्यांतले ९७ टक्के दात तोंडात होते. अयशस्वी होणारी रूट कॅनल नसतात असं नाही, असतात, आणि त्यातली काही मीच पुन्हा उघडली आहेत. पण उघडता येतात. आतला गटापर्चाचा, म्हणजे रबरासारख्या पदार्थाचा, भराव काढून पुन्हा साफ करता येतो.

म्हणजे रूट कॅनल करून घेतलंत तर उद्याचं दार तुम्ही बंद करता, ही भीतीही तपासून पाहा. भराव काढता येतो, थांबण्यात होणारं नुकसान मात्र वाढतच जातं.

तुमच्या पत्रात 'थांबलो आहे' हा शब्द असा येतो, जणू थांबल्यावर सगळंच थांबतं. १९६५ चा एक उंदरांवरचा प्रयोग आम्हाला शिकताना पहिल्याच वर्षी ऐकवतात. काही उंदरांच्या दातांची नस उघडी पाडली आणि तशीच सोडली. नेहमीच्या उंदरांत ती सडली, पू झाला. जन्मापासून निर्जंतुक पेटीत वाढलेल्या उंदरांत मात्र तीच उघडी नस अन्नाचे कण अडकलेले असतानाही बरी झाली, वर नवं कठीण आवरणही धरलं. फरक फक्त जंतूंचा. तुमच्या दातात ते आहेत आणि ते तुमच्याबरोबर थांबलेले नाहीत. फोड फुटतो म्हणजे पू निघायला वाट मिळते, म्हणून दुखत नाही. ते बरं होणं नव्हे. गोळ्यांनी दोनदा आराम पडला तोही असाच. औषध रक्तातून जातं आणि मेलेल्या नसेत रक्तच जात नाही, त्यामुळे मुळाबाहेरची सूज उतरते आणि आतला अड्डा तसाच राहतो. या काळात मुळाभोवतीचं हाड विरघळत जातं, कधी मूळही झिजतं. हाडातली पोकळी जितकी मोठी, तितकी कुठल्याही उपचाराला, तुमच्या आवडत्या उपचारालाही, यश येण्याची शक्यता कमी.

आता ती राहून गेलेली गोष्ट. दात आपटला तेव्हा तुम्ही किती वर्षांचे होता?

'शाळेत असताना' म्हणजे सातवं वर्षही असू शकतं आणि पंधरावंही. वरचा मधला दात सातव्या-आठव्या वर्षी येतो आणि त्याचं मूळ साधारण दहाव्या वर्षी पूर्ण होतं. पंधराव्या वर्षी आपटला असेल तर मूळ बंद आहे, आणि मग माझं मत सरळ आहे: रूट कॅनल करून घ्या, या महिन्यात. पण आठव्या वर्षी आपटून नस तेव्हाच मेली असेल, तर एक्केचाळिसाव्या वर्षीही त्या मुळाचं टोक उघडंच असेल, भिंती पातळ असतील. अशी मोठी माणसं भेटतात, आणि त्यांच्यासाठी तुमचा प्रश्न अजिबात हसण्यावारी नेण्याजोगा नसतो. तिथे दोन मार्ग असतात. एक, टोकाशी एमटीए किंवा त्याच जातीच्या सिमेंटची डाट बसवून वर भराव घालणं. हा मार्ग खात्रीचा आहे, मूळ मात्र आहे तेवढंच राहतं. दुसरा, रक्त आणून पुनर्जीवनाचा प्रयत्न. या वयात मूळ वाढण्याची आशा मुलांइतकी नसते, पण तज्ज्ञाशी बसून बोलण्याइतका हा पर्याय खरा आहे. फसलं तर सिमेंटच्या डाटेकडे परत येता येतं, फक्त वाट बुजण्याआधी लक्ष ठेवावं लागतं. तुमच्या जागी मी असते तर डाटच निवडली असती. मला दर सहा महिन्यांनी धाकधूक घेऊन एक्स-रे काढायला जाणं जमलं नसतं. दुसऱ्या कुणाला जमेल.

हे कळायला काहीच अवघड नाही, एका एक्स-रेत दिसतं. तुमच्या डॉक्टरांकडे तो असणारच. तो मागा आणि 'मुळाचं टोक बंद आहे का?' एवढाच प्रश्न विचारा. स्टेम सेलचं नाव काढू नका, कोणी हसणारही नाही. इतक्या वर्षांपूर्वी मार लागलेल्या दाताची आतली वाट पुष्कळदा आकसलेली असते, म्हणून मायक्रोस्कोपखाली काम करणारा रूट कॅनलचा तज्ज्ञ, म्हणजे एंडोडॉन्टिस्ट, गाठता आला तर उत्तम. काम करताना दाताभोवती रबर डॅम, म्हणजे लाळ दूर ठेवणारा रबराचा पातळ पडदा, लावतात का ते विचारून घ्या. त्यांनी सीबीसीटी हा त्रिमितीय एक्स-रे सुचवला तर तुमच्या बाबतीत तो उगाच नसेल. नंतर वर्षभराने पुन्हा एक्स-रे काढा. हाड पूर्ण भरून यायला कधीकधी चार वर्षंही लागतात, तेव्हा पहिल्याच वर्षी डाग पूर्ण गेला नाही म्हणून हातपाय गाळू नका. हिरडीवरचा फोड मात्र काही आठवड्यांत बंद व्हायला हवा.

पत्नीचं म्हणणं मी समजू शकते, आठ महिने हा विषय त्याही ऐकतायत. पण मूळ उभं चिरलेलं नसेल आणि वर धरायला पुरेसा दात असेल तर काढू नका. दात गेला की तिथलं हाड आकसतं, आणि पुढच्या दाताच्या जागी ते दिसतंही. इम्प्लांट चांगला असतो, पण त्याला ते जिवंत तंतू नसतात.

तुमच्या पत्रातलं एक छोटं वाक्य भूल न चढता ओढलेल्या दाढेबद्दल आहे, आणि मला शंका येते की आठ महिन्यांतले निदान सहा त्या वाक्याचे आहेत. नव्या शोधाची वाट पाहणं हे खुर्चीवर बसण्यापेक्षा सोपं असतं. माझं चुकत असेल तर सोडून द्या. नसेल तर दोन गोष्टी. नस मेलेल्या दातात आतून दुखण्यासारखं फारसं उरलेलं नसतं, तरी भूल देतातच. आणि भूल चढायला अवघड जाते ती मोठी सूज आणि ठणका असताना, तुमच्यासारख्या शांत दिवसांत नाही. म्हणजे दुखत नाही तोवर जाणं हेच तुमच्या सोयीचं. खुर्चीत बसण्याआधी डॉक्टरांना तो प्रसंग सांगा आणि हात वर केला की थांबायचं, असं ठरवून घ्या. सूज डोळ्याकडे किंवा गळ्याकडे सरकली, ताप आला, तोंड उघडेनासं झालं, गिळायला किंवा श्वासाला त्रास झाला, तर मात्र तारखेची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठायचं.

हे पत्र वाचून आणखी काही जण आपापल्या दाताला जीभ लावून बघत असतील. तुम्हाला कुणी 'नस सुजली आहे' असं सांगितलं असेल, मेली आहे असं नाही, तर तुमचा रस्ता वेगळा असू शकतो. आता मोठ्यांच्या दातांतही नसेचा वरचा आजारी भाग काढून मुळातला जिवंत भाग राखता येतो, त्याला पल्पोटॉमी म्हणतात. आहे ती नस वाचवणं हे मेलेली उगवण्यापेक्षा कितीतरी हाताशी आलेलं आहे, याबद्दल जरूर विचारा. ज्यांना नुकताच मार लागला आहे त्यांनी पहिल्याच चाचणीत दात गप्प राहिला म्हणून घाई करू नये. थंडाची किंवा विजेची चाचणी संवेदना मोजते, रक्तपुरवठा नाही, आणि बधिर झालेला दात कधी तीन महिन्यांनी पुन्हा बोलू लागतो. ज्यांचं रूट कॅनल होऊन दात शांत आहे त्यांनी नवी नस घालायला तो उघडू नये. आणि कुणी 'स्टेम सेलने दात जिवंत करून देतो' म्हणालं तर विचारा, पेशी कुठून येणार, माझ्यासारख्या बंद मुळाच्या किती दातांवर केलंय, ते किती वर्षं पाहिलेत, फसलं तर पुढे काय, आणि ही चाचणी आहे की नेहमीचा उपचार. चाचणी असेल तर लेखी संमती आणि देखरेख करणारी समिती असते. उत्तराऐवजी सवलत मिळाली तर उठून या.

राहिली तुमची मुलगी. तिला सांगा, बाबांचा दात शाळेत असताना आपटला आणि कुणाला दाखवला नाही. तिचे पुढचे दात नुकतेच आले आहेत, म्हणजे त्यांची मुळं आज उघडी आहेत, आणि तुम्ही स्वतःसाठी शोधत होता तो उपचार नेमका तिच्या वयाचा आहे. ती कधी तोंडावर पडली तर दुखायचं थांबलं तरी त्याच दिवशी दाखवा. कायमचा दात मुळासकट निखळून बाहेर आला तर मुळाला हात न लावता वरच्या भागाने उचला, मळला असेल तर दूध किंवा पाण्याच्या धारेखाली क्षणभर धुवा, जमलं तर लगेच जागेवर बसवा, नाहीतर दुधात बुडवून तासाभराच्या आत डॉक्टरांकडे पोचा. दुधाचा दात निखळला तर तो परत बसवायचा नसतो, डॉक्टरांकडे मात्र तरीही जायचं.